थंडीत सायकल चालवताना बोटं गारठतात, त्यावर काय करता? (खानदेशकरांसाठी)

तापीकाठ | १२ डिसेंबर, रात्री ९:१५

खानदेश म्हटलं की बाहेरच्यांना मे महिन्यातलं ४५ अंशांतलं जळगाव-भुसावळ आठवतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाच-साडेपाचला याच पट्ट्यात सायकलवर निघणाऱ्याचे काय हाल होतात, ते आपल्यालाच माहीत. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात पारा पाच-सहा अंशांवर आल्याची बातमी हिवाळ्यात पेपरात येतेच. अक्कलकुव्याच्या वर सातपुड्यातल्या डाबकडे तर गवतावरचं दव गोठतं. समुद्र लांब, हवा कोरडी, रात्री आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्रीतून सगळी ऊब सोडून देते, आणि त्यात उत्तरेचा वारा सुटला की मग विचारायलाच नको.

सायकलवर पाय चालू असतात, छाती तापलेली असते, कानाला मफलर असतो. मार खातात ती बोटं. एकाच जागी आवळलेली, हालचाल नाही आणि वाऱ्याला सगळ्यांत पुढे.

हा धागा काढायचं खरं कारण ब्रेक आहे. थंडी सोसायची सवय आपल्याला आहे, पण बधीर बोटांनी ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. पहाटेच्या अंधारात बिनदिव्याची उसाची ट्रॉली पुढ्यात आली तर अर्धा सेकंदही महाग पडतो. त्यामुळे हातमोजे हा शौकाचा विषय नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता वाऱ्याचा हिशेब. अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी २००१ साली वाऱ्यामुळे वाढणाऱ्या गारव्याचं नवं सूत्र वापरात आणलं. त्यात आकडे घालून पाहिले. हवा ८ अंश आणि वेग ताशी २५ किमी असेल तर उघड्या कातडीला गारवा साधारण साडेचार अंशांसारखा लागतो. हवा ६ अंश आणि उतारावर वेग ४५ असेल तर जवळजवळ शून्यासारखा. सूत्र उघड्या चेहऱ्यासाठी केलेलं आहे, बोटांचा हिशेब थोडा वेगळा निघेल, पण दिशा तीच. यात पारा खाली जात नाही. हवा ६ अंश असेल तर कोरडं बोट वाऱ्याने ६ अंशांच्या खाली जाऊच शकत नाही. वारा फक्त ऊब पटापट ओढून नेतो.

म्हणजे नुसता वारा अडवला तरी चार-पाच अंश पदरात पडतात, आणि वारा अडवायला महाग काही लागत नाही. म्हणून माझा क्रम असा: आधी वारा, मग ओल, मग छाती-मान-डोकं, आणि सगळ्यांत शेवटी मोजा किती जाड आणि कुठल्या कापडाचा. दुकानात गेलं की हा क्रम नेमका उलटा होतो. जाड मोजा हातात देतात, आणि तो विणीतून वारा आत घेत राहतो.

तुम्ही काय करता ते लिहा. हौसेने चालवणाऱ्यांनी लिहाच, पण दूध, पेपर, शेत, शाळा, कंपनी यासाठी रोज पहाटे सायकल काढणाऱ्यांचे उपाय मला जास्त हवे आहेत.


गिरणामाई | १२ डिसेंबर, रात्री ९:४८

वेळेवर धागा काढलात दादा. दर थंडीत गावात येणाऱ्या स्वेटरवाल्यांकडून लोकरी हातमोजे घेते. घरात, अंगणात एकदम ऊबदार, आणि सायकलवर बसलं की घातले काय, न घातले काय. विणीतून वारा आत येतो हे आत्ता तुमचं वाचून कळलं. मग लोकरीचे टाकूनच द्यायचे का?


तापीकाठ | १२ डिसेंबर, रात्री १०:०५

@गिरणामाई, टाकू नका ताई. लोकर फार गुणाची. धाग्यांमध्ये हवा धरून ठेवते आणि थोडी ओली झाली तरी सुती कापडासारखी एकदम गार पडत नाही. तिला फक्त वरून वारा अडवणारं आवरण हवं. भांडी घासायचे रबरी हातमोजे एक माप मोठे घ्या आणि लोकरी मोज्यावर चढवा. दिसायला कसेही दिसोत, अर्ध्या तासाच्या वाटेला हा जोड चांगला पुरतो. त्याहून जास्त वेळ झाला की आत घाम साचायला लागतो. माप मात्र खरंच मोठं घ्या. घट्ट मोजा दोन्हीकडून नडतो, लोकरीतली हवाही दाबली जाते आणि बोटांतलं रक्तही अडतं.


जुनी_ट्यूब | १३ डिसेंबर, सकाळी ११:२०

आपलं सायकल दुरुस्तीचं काम. दुकानात येणाऱ्या गाड्या बघून लिहितो.

हातमोज्याच्या आधी ब्रेकची मूठ बघा. आपल्याकडच्या काळ्या दणकट सायकलींना लोखंडी दांड्यांचे ब्रेक असतात, त्यांची मूठही लोखंडाची. नव्या गिअरच्या गाड्यांना ॲल्युमिनियमची. दोन्ही धातू बोटातली ऊब खेचतात, ॲल्युमिनियम तर लोखंडापेक्षा जास्तच. दोन बोटं कायम ब्रेकवर ठेवायची सवय असलेल्या माणसाची तीच दोन बोटं आधी बधीर होतात. तक्रार घेऊन येणाऱ्याला मी विचारतो, कोणती बोटं? बहुतेक जण पहिली दोन दाखवतात.

उपाय सोपा आहे. टाकाऊ ट्यूबचा बोटभर लांब तुकडा कापायचा, आतून साबणाचं पाणी लावायचं आणि मुठीवर ओढून बसवायचा. वाळला की सरकत नाही. पातळ मूठ असेल तर सायकलच्या बारीक टायरची ट्यूब, जाड असेल तर मोठी. हँडलची प्लास्टिकची कडक ग्रिप गेलेली असेल तर फोमची टाका, धातू आणि तळहात यांच्यामध्ये जाडी येते. टोकाची बुचं हरवली असतील तर तीही बसवा, नाहीतर उघड्या नळीचा गार लोखंडी काठ करंगळीला लागत राहतो.

दुसरी गोष्ट वायरची. थंडीत बोटांची ताकद कमी होते आणि वायर मात्र तेवढीच जड राहते. आतली वायर गंजलेली, बाहेरचं नळकांडं पिचलेलं, असा ब्रेक उन्हाळ्यात ओढला जातो, जानेवारीत ओढला जात नाही. दिवाळी झाली की वायर काढून पुसायची, दोन थेंब तेल सोडायचं आणि नळकांडं चिरलेलं असेल तर सरळ बदलून टाकायचं. खर्च फार नाही. वर मूठ हँडलच्या जवळ आणायचा छोटा स्क्रू बऱ्याच गाड्यांना असतो, तो फिरवून घ्या. जाड मोजा घातला की बोट आखूड पडतं, मूठ लांब राहिली तर पकड येत नाही. पण जवळ आणताना बघा, पूर्ण दाबल्यावर ती हँडलला टेकता कामा नये.

मोजे घालूनच दुकानात या आणि ब्रेक तिथेच दाबून बघा. उघड्या हाताने तपासलेला ब्रेक मोज्यात वेगळा लागतो.


लळिंगचा_वारा | १३ डिसेंबर, दुपारी १:०२

धुळ्याहून. जुनी_ट्यूब भाऊंचं एक नंबर.

माझा अनुभव सांगतो, हातमोज्यापेक्षा हँडलवरचं कव्हर भारी. उत्तरेत मोटारसायकलवाले लावतात तसं. हँडल, ग्रिप, ब्रेकची मूठ सगळं आत आणि आपण फक्त हात खुपसायचा. वारा येतच नाही. आत साधे पातळ मोजे पुरतात, आणि बोटं मोकळी असल्यामुळे ब्रेक, गिअर, घंटी सगळं नीट चालतं. आग्रा रोडला लळिंग घाटाच्या बाजूला पहाटे समोरून वारा घेत जावं लागतं, तिथे याच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडलं नाही.

विकत मिळालं तर ठीक, नाहीतर शिवून घ्या. वरून जुन्या रेनकोटचं किंवा रेक्झिनचं कापड, आत जुन्या रजईचा किंवा स्वेटरचा तुकडा. आकार शंकूसारखा, हँडलकडे निमुळता आणि मनगटाकडे रुंद. गोधडी शिवणारी कुठलीही बाई एका दुपारीत दोन्ही शिवून देईल. निमुळत्या तोंडाला नाडी घालून हँडलला घट्ट आवळा, नाहीतर कव्हर फिरतं आणि ब्रेकच्या मुठीवर दाबून बसतं.


लांबपल्ला | १३ डिसेंबर, दुपारी ३:३७

कव्हरबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पडलो तर हात पटकन बाहेर येईल का, हा प्रश्न मला मोठा वाटतो. सायकल घसरली की माणूस प्रतिक्षिप्त हात टेकतो. हात पिशवीत अडकला तर खांद्यावर किंवा तोंडावर आदळणार. आणि वळताना हात दाखवायचा असेल तर बाहेर काढा, परत आत घाला, रहदारीत हे जमत नाही.


लळिंगचा_वारा | १३ डिसेंबर, दुपारी ४:१०

@लांबपल्ला, म्हणूनच मनगटाकडचं तोंड रुंद आणि मोकळं ठेवायचं. तिथे इलॅस्टिक नको, नाडी नको, वेल्क्रो तर नकोच. थोडा वारा आत आला तरी चालेल. असा ढगळा शिवला की हात सरळ मागे ओढला जातो. रिकाम्या रस्त्यावर हात झटकन बाहेर काढायचा सराव करून मगच रोज वापरायला घ्या. शहरात, बाजाराच्या गर्दीत मीही लावायला सांगणार नाही. पण सरळ महामार्गाच्या कडेने रोज पंधरा किमी जाणाऱ्या माणसाला हाच उपाय सांगेन.


लांबपल्ला | १३ डिसेंबर, दुपारी ४:२५

हे पटलं. आखूड वळणांचा घाट असेल तर मोजे, सरळ रस्त्याला कव्हर.


नाडीवर_बोट | १३ डिसेंबर, रात्री १०:५०

मी डॉक्टर आहे, अमळनेरकडची. वर बरंच चांगलं लिहिलं आहे. मला शरीराच्या बाजूने चार गोष्टी जोडायच्या आहेत, जरा लांबेल.

बोटात स्नायू जवळजवळ नसतातच. बोट हलवणारे स्नायू कोपर ते मनगट आणि तळहातात असतात, तिथून नुसते दोरीसारखे स्नायुबंध बोटापर्यंत येतात. म्हणजे बोट स्वतः ऊब तयार करत नाही, त्याला येणारी सगळी ऊब रक्तातून येते. शरीराला आतून गारवा जाणवला की पहिला निर्णय हाच होतो की हातापायांच्या टोकांच्या रक्तवाहिन्या आवळा आणि हृदय-मेंदूकडची ऊब राखा. बोटांच्या टोकांत रक्ताचे थेट जोडरस्ते असतात, ते तेव्हा बंद होतात. म्हणून तापीकाठ यांनी छाती-मान-डोक्याचं जे म्हटलं ते अगदी बरोबर आहे. छातीवर वारा अडवणारं जाकीट, मानेला मफलर, हेल्मेटखाली पातळ टोपी, आणि मनगट झाकलेलं. मनगटापाशी रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळून जातात, आणि बाहीचं तोंड आणि मोजा यांच्यामधली दोन बोटांची फट तिथेच असते. पेपर टाकणारी मुलं शर्टाच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवतात, ते उत्तम आहे.

बोटाच्या कातडीचं तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेलं की बारीक कामं बिघडतात, बटण लावणं, चेन बसवणं. ८ अंशांच्या आसपास स्पर्शच कळेनासा होतो. ब्रेकवर आपण किती जोर दिला आहे, ते मग हाताला समजत नाही. माणूस एकतर कमी दाबतो किंवा एकदम करकचून दाबतो आणि पुढचं चाक अडकतं.

आता बधीरपणा कुठला ते ओळखा. सगळी बोटं टोकापासून बधीर होऊन घरी आल्यावर ठणकायला लागली, तर ती थंडी. पण फक्त करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झिणझिणत असेल, आणि उन्हाळ्यातही होत असेल, तर तळहाताच्या कडेला जाणारी नस हँडलवर दाबली जाते आहे. तिथे जाड मोजा काही करणार नाही. हँडल थोडं वर घ्या, सीटचा पुढचा झुकाव काढा, हाताची जागा बदलत राहा. अंगठा आणि त्याच्या पुढची दोन बोटं असतील तर मनगटातली दुसरी नस.

बोटं एका रेषेपर्यंत एकदम पांढरीफटक पडून मग निळी आणि नंतर लाल होत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. मोरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावाने हा त्रास ओळखला जातो. बायकांमध्ये जास्त दिसतो. बऱ्याचदा निरुपद्रवी असतो, कधी दुसऱ्या आजाराची खूण असते. रक्तदाबावरच्या बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्यांनीही हात गार पडतात. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं.

तंबाखूबद्दल बोलायलाच हवं. पहाटे निघताना "ऊब येते" म्हणून तंबाखू-चुन्याची चिमूट किंवा बिडी घेतली जाते. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे बोटांकडे जाणारी वाट आणखी बंद होते. दारूचं वेगळं. तिने कातडीकडे रक्त येतं, गरम वाटतं, पण शरीराची आतली ऊब निघून जाते.

आणि शेकोटी. सुन्न हाताला चटका कळत नाही. मधुमेहाने हातापायांची संवेदना कमी झालेल्यांनी तर हात शेकोटीवर कधीच धरू नयेत. काखेत हात घालून बसा किंवा कोमट पाण्यात बुडवा, पाणी आधी दुसऱ्या कुणी तपासलेलं. ऊब परत येताना जी कळ येते ती रक्त परतत असल्याची. दहा-पंधरा मिनिटांत जाते. दुसऱ्या दिवशीही बधीरपणा राहिला किंवा बोटांवर लाल, खाजऱ्या गाठी आल्या तर दवाखान्यात या.


भरीत_भाकर | १४ डिसेंबर, सकाळी ७:१२

डॉक्टरताई, फार उपयोगाचं लिहिलंत. पेपरच्या घडीचं वाचून बरं वाटलं. आम्ही लहानपणी हेच करायचो.

काय थंडी पडी ऱ्हायनी भो यंदा!


केळीचं_बन | १४ डिसेंबर, दुपारी १२:३०

रावेर तालुका. आमच्याकडे थंडीची धास्ती माणसाआधी केळीला. पारा १०-१२ च्या खाली गेला की केळीची वाढ मंदावते, मग पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून धूर करा, रात्री पाणी द्या. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीच्याच पाळीला असते. त्यामुळे रात्रभर दारं धरून (पिकाला पाणी वळवून) ओल्या हातांनी, ओल्या बाह्यांनी पहाटे सायकलवर गावात परतणारी माणसं इथे भरपूर. त्यांची थंडी हौसेच्या सायकलवाल्यापेक्षा वेगळी आहे. ओला हात वाऱ्यात गेला की दोन मिनिटांत लाकूड होतो.

त्यांच्यासाठी लिहितो. सायकलच्या पिशवीत एक कोरडा पंचा आणि कोरडे मोजे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. निघण्याआधी हात कोपरापर्यंत पुसायचे, बोटांच्या बेचक्यांतही. ओली बाही वर दुमडायची किंवा शर्टच बदलायचा. ओली बाही मनगटाला चिकटून राहिली तर वर कितीही मोजे घाला. मळ्यात काम करताना घातलेले मोजे सायकलवर घालायचे नाहीत, ते ओलेच असतात. मोटारीच्या खोलीत बसून दहा मिनिटं हात कोरडे आणि गरम झाल्यावर निघणं परवडतं. दूध काढून निघणाऱ्यांचंही हेच. गार पाण्याने किटल्या धुवायच्या आणि तसंच हँडल धरायचं, हे टाळा.

दुसरं, वाटेवरची थंडी सगळीकडे सारखी नसते. वारा पडलेल्या स्वच्छ रात्री गार हवा जड होऊन खाली उतरते आणि नदी-नाल्याच्या खोलगटात साचते. सुकी नदी, भोकर नदी, तापीचे काठ, फरशीपुलावर उतरलं की एकदम गार झुळूक लागते आणि वर चढलं की निवळते. पाणी दिलेल्या बागांमधून जाणारी वाट ओलसर गार असते. दोन रस्ते असतील तर थंडीत टेकाडाचा घ्या, थोडा लांब पडला तरी. आणि खोलगट यायच्या आधी ब्रेक एकदा दाबून बघायचा, खाली उतरल्यावर नाही.


तापीकाठ | १४ डिसेंबर, दुपारी १:४५

@केळीचं_बन, यासाठीच धागा काढला होता, दादा. ओलीचा आकडाही बोलका आहे. एक ग्रॅम पाणी कातडीवरून वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातं. ती हातातूनच जाते.

वेळेचंही सांगून ठेवतो. सगळ्यांत गार वेळ मध्यरात्रीची नसते, सूर्योदयाच्या आसपासची असते, कधी कधी उजाडल्यानंतर थोडा वेळही पारा उतरत राहतो. ज्यांना वेळ आपल्या हातात आहे त्यांनी साडेसहाऐवजी आठला निघावं.


वर्गशिक्षिका | १५ डिसेंबर, सायंकाळी ६:२०

शिरपूर भागातल्या शाळेत शिकवते. आमच्या मुली वस्त्यांवरून सायकलने येतात. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्या, त्यामुळे आठवीनंतरही शाळेत येणं टिकलं. पण सकाळच्या शाळेला थंडीत पहिला तास हात चोळण्यात जातो, पेन धरता येत नाही. चांगले हातमोजे प्रत्येकीला घेऊन देणं घरच्यांना जमत नाही. अगदी कमी खर्चात काय करता येईल?


तापीकाठ | १५ डिसेंबर, सायंकाळी ७:०५

ताई, घरात असलेल्या वस्तूंतून असं करता येईल. जुने पायमोजे, शक्यतो लोकरीचे किंवा नायलॉन मिसळीचे, निव्वळ सुती नकोत. अंगठ्यासाठी चीर देऊन शिवून घ्या, बाकी चार बोटं एकत्र राहू द्या. चार बोटं एका घरात असली की एकमेकांना ऊब देतात आणि वाऱ्याला उघडं पडणारं अंगही कमी होतं. त्यावर दुधाची किंवा किराण्याची पातळ प्लास्टिक पिशवी आणि तिच्यावर दुसरा पायमोजा. मधल्या पिशवीने वारा अडतो, वरच्या मोज्याने पिशवी फाटत नाही आणि हँडलवर घसरत नाही. नुसती पिशवी सगळ्यांत बाहेर ठेवू नका, ब्रेकवरून हात सटकतो. शाळेत आल्यावर उलटे करून उन्हात वाळत टाकायचे, म्हणजे परतताना कोरडे मिळतात.


नाडीवर_बोट | १५ डिसेंबर, रात्री ९:३०

@वर्गशिक्षिका, मुलींचे हात लहान, त्यामुळे वजनाच्या मानाने कातडी जास्त आणि ऊब लवकर जाते. तुमची तक्रार खरी आहे. मुलींनी घरून काही खाऊन निघणं हेही मोज्याइतकंच गरजेचं. उपाशी शरीर ऊब तयार करणार कशातून? कळण्याची अर्धी भाकरी आणि वाटीभर गरम भाजीसुद्धा पुरे. पौगंडात रक्त कमी असणाऱ्या मुली खूप, आणि त्यांना थंडी जास्त वाजते. ज्या मुलीचे हात दुपारीही गार राहतात, तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगा.

ओढणी आणि मफलरची टोकं मात्र आत खोचलेली असू द्या. चाकात जातात.


जुनी_ट्यूब | १६ डिसेंबर, सकाळी १०:१५

ताई, मुलींच्या सायकलींच्या ब्रेकच्या मुठी लहान हाताला लांब पडतात. स्क्रू फिरवून सगळ्यांच्या जवळ आणून घ्या. गावातला कुठलाही दुकानदार एका तासात पूर्ण शाळेच्या सायकली बघून देईल. ट्यूबचे तुकडे तर फुकटच मिळतील.


लांबपल्ला | १६ डिसेंबर, रात्री ८:५५

लांब जाणाऱ्यांसाठी माझ्याकडून. २०० किमीच्या बीआरएमला (ठरल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) साडेतेरा तास मिळतात आणि हिवाळ्यात सुरुवात अंधारात होते. पहाटे ८ अंश, दुपारी २८-३०. आपल्याकडची ही तफावत थंड देशांच्या पुस्तकात बसत नाही. एकच जाड मोजा घेऊन गेलात तर दहा वाजता तो काढून खिशात आणि संध्याकाळी घामाने ओला. म्हणून दोन थर. आत पातळ, अंगाबरोबर बसणारा, लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा. वर वारा अडवणारा ढगळ. ऊन चढलं की वरचा काढायचा. आतल्याचा एक जादा जोड कोरडा ठेवायचा, वजन काहीच नाही.

दोन-दोन बोटं एकत्र असणारे, खेकड्याच्या नांगीच्या आकाराचे मोजे मिळतात, त्यांत ऊबही राहते आणि ब्रेकही जमतो. पाच बोटांच्या मोज्यात गारठणाऱ्यांनी ते बघावेत.

व्यायामाने हात आपोआप गरम होतात असं मानणाऱ्यांसाठी एक प्रसंग. २० एप्रिल १९८० ला बेल्जियममधली लीएज-बास्तोन-लीएज शर्यत बर्फात झाली. १७४ पैकी २१ जणांनीच ती पूर्ण केली. बर्नार्ड इनो नऊ मिनिटांहून अधिक आघाडीने जिंकला, पण त्याची दोन बोटं त्यानंतर गारठ्याला कायमची हळवी झाली. जगातले सगळ्यांत दमदार पाय होते ते.

खिशात ठेवायच्या गरम पुड्यांबद्दल कुणी विचारण्याआधी लिहितो. पुडी फोडली की गरम होणाऱ्या असतात, त्यांत लोखंडाची भुकटी, मीठ आणि कोळसा असतो. लोखंड हवेतल्या ऑक्सिजनने गंजताना ऊब देतं. त्या रबरी मोज्यात कोंडल्या तर हवा न मिळाल्याने थंड पडतात. दुसऱ्या, चकती टिचकावल्यावर गोठून गरम होणाऱ्या. त्या उकळत्या पाण्यात टाकून पुन्हा वापरता येतात, पण ऊब थोडाच वेळ टिकते. दोन्हीही तळहातापेक्षा मनगटाच्या आतल्या बाजूला, कापडाच्या वर ठेवा. थेट कातडीवर नको.


केळीचं_बन | १६ डिसेंबर, रात्री ९:२०

पुड्यांपेक्षा घरून निघताना मोजे चुलीजवळ गरम करून घालणं बरं. गरम हात गरम मोज्यात घातला की तो टिकतो. गार हात कितीही जाड मोज्यात घाला, आत गारच राहतो.


लळिंगचा_वारा | १७ डिसेंबर, सकाळी ८:४०

चालू वाटेत बोटं गेलीच तर थांबायचं, उतरायचं आणि दोन्ही हात खांद्यापासून मोठे गोल फिरवायचे. पंधरा-वीस फेऱ्यांत रक्त बोटांच्या टोकापर्यंत ढकललं जातं. सायकलवर एका हाताने झटकत बसू नका. दोनशे पावलं सायकल हातात धरून चाललं तरी फरक पडतो.


गिरणामाई | १७ डिसेंबर, रात्री ९:००

लोकरीवर रबरी जोड आजच वापरला. छान चाललं, बोटं जागेवर आहेत. आता एक विचारते. या रविवारी आम्ही चौघी शहाद्याहून तोरणमाळला सायकलने जाणार आहोत. मुक्काम करून सोमवारी सकाळी उतरायचं. हातांची काय तयारी ठेवू?


नंदनगरी | १७ डिसेंबर, रात्री ९:४०

ताई, तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर. मैदानापेक्षा हजारभर मीटर उंच. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, त्यामुळे दिवसा शहाद्यात २८ असेल तर वर २१-२२. चढताना तुम्हाला मोज्यांची गरजच वाटणार नाही. तिथेच घोळ होतो. चढात मोजे घालून ते घामाने भिजवले की वर पोहोचल्यावर ओले. पायथ्याशीच काढून कोरड्या पिशवीत ठेवा, चढ उघड्या हाताने किंवा अर्ध्या बोटांच्या मोज्यांनी करा.

सोमवारी उतरायची घाई करू नका. यशवंत तलावाच्या बाजूला पहाटे चांगलंच गार असतं. ऊन रस्त्यावर आल्यावर निघा, नऊच्या आधी नाही. घाटातली बरीच वळणं सकाळी सावलीत असतात. उतारावर पाय रिकामे, ऊब तयार होत नाही, वेग मात्र सगळ्यांत जास्त, आणि ब्रेक सतत लागतो. जाकीट, मफलर, दोन्ही थरांचे मोजे वरच चढवून निघा, गार वाटल्यावर थांबून नव्हे.

सात पायरी घाटाच्या वळणांआधी प्रत्येकीने थांबून मुठी उघडझाप करायच्या आणि दोन्ही ब्रेक दाबून बघायचे. बोट ब्रेकवर बसल्याचं कळत नसेल, तर ते परत कळेपर्यंत सायकल हातात धरून चालायचं. चौघींमध्ये ठरवून ठेवा की कुणीही एकीने "हात गेले" म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं.


जुनी_ट्यूब | १८ डिसेंबर, सकाळी ९:०५

आणि शनिवारीच चारही सायकलींचे ब्रेक-रबर बघून घ्या ताई. रबरावरच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर बदला. नवे बसवले की थोडं अंतर चालवून बसू द्या, घाटात पहिल्यांदा वापरू नका.


गिरणामाई | १८ डिसेंबर, सकाळी ९:३०

शनिवारी सकाळी चारही गाड्या दुकानात नेते. दोघींच्या मुठी लांब आहेत, त्याही मोजे घालूनच जवळ करून घेते. सोमवारी उतरल्यावर इथे लिहीन.